कडेने बघणारा दादा

माझा थोरला भाऊ सिटी बस चालवायचा आणि आपल्या डोळ्यांचा त्याला भारी गर्व होता. समोरून येणाऱ्या गाडीची पाटी तो सगळ्यांच्या आधी वाचायचा आणि वर "तुमचे डोळे आहेत की बटणं?" असं विचारायचा. मी शिवणकाम करते, त्यामुळे बटणांचा टोमणा खास माझ्यासाठी असायचा.

एकदा त्याने जुन्या बाजारातून दोन नळ्यांची दुर्बीण आणली. डाव्या नळीत बुरशी चढलेली, म्हणून स्वस्तात मिळालेली. "उजवी आहे ना ठणठणीत," असं म्हणून दादा डावा डोळा मिटून आकाश बघायला लागला. चंद्र, गुरू वगैरे आठवड्यात संपले. मग त्याला बटुग्रहांचं आणि लघुग्रहांचं वेड लागलं. वेडच म्हणायचं, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतंच. सेरेस नावाचा बटुग्रह दुर्बिणीतून दिसतो तो आजूबाजूच्या ताऱ्यांसारखाच, एक बारीक ठिपका. ओळखायचा कसा? तर सगळे ठिपके कागदावर काढून ठेवायचे आणि दोन-तीन दिवसांनी परत बघायचं. जो हलला तो आपला.

"आणि फिका ठिपका सरळ बघायचा नाही," दादा शिकवायचा. "सरळ बघितलं की विरतो. जरा बाजूला नजर ठेव, कडेने आपोआप दिसतो." हे खरं आहे, मी करून पाहिलंय. वहिनी म्हणायची, "सवयच लागली हो यांना. माझ्याशी बोलताना पण माझ्या कानाकडे बघतात." आम्ही हसायचो. दादाही हसायचा. त्या हसण्याची मला आज चीड येते.

एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर, त्याने गच्चीवरून हाक मारली. मी मशीन सोडून वर गेले.

"चिमे, सापडला! परवा इथे होता, आज जागा रिकामी. कुठे सरकलाय तेवढं शोध बघू."

त्याचा आनंद पोटात मावत नव्हता. कितीतरी महिने तो या एका ठिपक्यासाठी झटत होता. मी त्याचा कागद बघितला, दुर्बीण डोळ्याला लावली. ठिपका होता तिथेच होता.

"अरे, इथेच तर आहे."

"तू दुसराच बघतेयस."

"मी रोज सुईत दोरा ओवते. मला नको शिकवूस."

त्याने दुर्बीण हिसकावली, बघितलं, परत बघितलं. मी वैतागून म्हटलं, "मग डाव्या डोळ्याने बघ." त्याने चांगली नळी डाव्या डोळ्याला लावली. "आहे की इथेच," तो पुटपुटला. मग दुर्बीण खाली ठेवून त्याने डावा डोळा हाताने झाकला आणि समोरच्या टॉवरवरच्या लाल दिव्याकडे बघितलं. हात काढला. परत झाकला.

"दिवा नाहीये गं," तो म्हणाला.

मी वहिनीला हाक मारायला वळले.

"हिला सांगू नकोस," तो घाईने बोलायला लागला. "दोन्ही डोळे उघडे असले की सगळं दिसतं. गाडी चालवताना मी कुठे डोळा मिटतो?"

"आणि स्टॉपवर कुणी आडवं आलं तर?"

त्याने दुर्बीण उचलली. खाली येऊन जेवला.

सकाळी मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. ड्यूटीवर जाऊ द्यायचं नाही असं ठरवूनच गेले होते. तो गणवेश न घालताच बाहेर आला.

"बाजूला हो," म्हणाला. "डेपोत सांगायला चाललोय."

डेपोने त्याला डोळे तपासायला पाठवलं. उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग गेला होता. डावाही त्याच वाटेवर होता. डॉक्टरबाई जवळजवळ रागावल्याच. "सरळ रेघा वाकड्या दिसत असतील, समोरच्याचा चेहरा पुसट दिसत असेल. इतके दिवस कळलं कसं नाही? आधी आला असतात तर काही करता आलं असतं."

"मी सरळ बघतच नव्हतो हो," दादा म्हणाला.

त्यांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि ती दुर्बीण गच्चीवरून फेकून द्यावीशी वाटली.

डेपोने त्याला हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं. तिथे तो एकाची छत्री दुसऱ्याला द्यायला लागला, तेव्हा घरी पाठवलं. आता वहिनी समोर बसली तरी तिचा चेहरा त्याला दिसत नाही. तिच्या कानाकडे बघितलं तर थोडाफार दिसतो. वहिनी तो विनोद आता करत नाही.

सव्वा वर्षाने सेरेस परत दिसायला लागला. दादाने दुर्बीण माझ्या हातात दिली. मी ठिपके काढले आणि तीन दिवसांनी आम्ही परत गच्चीवर गेलो.

"कडेने बघू ना?" मी विचारलं.

"नको. सरळ बघ. आणि एकेका डोळ्याने बघ. हे घराण्यात असतं म्हणतात."

मी उजव्याने बघितलं, मग डाव्याने.

"दिसला रे. दोन्हींनी."

"परत बघ."

मी परत बघितलं. ठिपका खरंच हलला होता, कागदावरच्या जागेपासून चांगला सरकला होता. सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात दादाने चाचपडत माझा खांदा धरला.

"दोन्हींनी दिसला ना? मग झालं. चल, जेवायला जाऊ."

हलला का, हे त्याने विचारलंच नाही.