हिरव्या पिल्लाचं गाऱ्हाणं

ते पिल्लू हिरवं होतं. साधं पोपटी नव्हे, नवरीच्या चुड्यासारखं हिरवंगार. कोपरखैरण्याच्या बाजारात एक माणूस रंगवलेली पिल्लं टोपलीत घेऊन बसला होता, आणि माझी आई नेमकी त्याच दिवशी माझ्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन भाजीला गेली होती. परत आल्या तेव्हा पिशवीत मेथी होती, माठ होता आणि हे होतं.

"हे कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं. आईने माठ निवडायला घेतला. मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने हातपाय धुवायला गेलो.

मला प्राण्यांमधलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरी कोंबडी यायची ती रविवारी, काळ्या पिशवीत, तुकडे होऊन. जिवंत कोंबडी घरात आली की तिच्याशी काय बोलायचं असतं, ती कुठे बसते, तिला काय आवडतं, याचा मला पत्ता नव्हता. दोन दिवस ते बुटांच्या खोक्यात चिवचिवत राहिलं आणि तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मान टाकून बसलं. डोळे मिटलेले, पंख लोंबलेले. मुलगी शाळेला जायला तयार होईना.

पिल्लांना बल्बखाली ठेवतात एवढं मी ऐकून होतो. हॉलमधला बल्ब काढून, वायर जोडून खोक्यावर टांगला. पिल्लू कुडकुडतच राहिलं. मला वाटलं उजेड कमी पडतोय, म्हणून बेडरूममधला मोठा बल्ब आणून लावला. आता ते लख्ख प्रकाशात कुडकुडू लागलं. मी खोक्याशेजारी उकिडवा बसून त्याच्याकडे पाहत राहिलो आणि माझं कुठे चुकतंय तेच मला समजेना.

दुपारी खोकं घेऊन रिक्षाने नेरूळच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथे सगळी कुत्री होती, त्यांच्या गळ्यात पट्टे होते आणि त्यांचे मालक माझ्यापेक्षा चांगल्या कपड्यांत होते. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे ओढला. "पेटचं नाव?" मी म्हणालो, अजून ठेवलं नाही. "ब्रीड?" मी म्हणालो, हिरवं. तिने पेन खाली ठेवलं. डॉक्टर बाहेर येऊन सभ्यपणे म्हणाले, पक्ष्यांचं आम्ही बघत नाही. मी खोकं उचलून परत आलो. रिक्षात मला रडू यायला लागलं आणि ते कशासाठी येतंय हेही कळेना. पिल्लासाठी असेल, किंवा घरी दारात उभ्या असलेल्या मुलीला काय सांगायचं यासाठी.

संध्याकाळी आईने देवापुढे नारळ ठेवला. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. आमच्याकडे अडचण आली की गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे मोठ्याने सगळी हकिगत सांगून मागणं मागतात. एकाने बोलायचं आणि दर वाक्यानंतर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. साथ दिली नाही तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. कोपरखैरण्याच्या दुसऱ्या मजल्यावरूनही ते पोचतं, यावर आईचा पक्का विश्वास आहे.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरात जा पिल्लू इला, ता आज आजारी पडला हा."

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं. मी, बायको आणि मुलगी.

"ह्या पोरीचो जीव तेच्यात अडाकलो हा."

"व्हय म्हाराजा!"

आई बोलत गेली, आम्ही ओरडत गेलो. माझं लक्ष खोक्याकडे होतं, बायकोचं कुकरच्या शिट्ट्यांकडे. मुलगी डोळे घट्ट मिटून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती.

रविवारी सकाळी मी आमच्या नेहमीच्या चिकनवाल्याकडे गेलो. कोंबड्यांमधलं कळणारा दुसरा माणूस मला माहीत नव्हता. तो तिथल्याच गावठाणातला, रोखठोक माणूस. बल्बचं ऐकून त्याने सुरी बाजूला ठेवली.

"एलईडी लावला? सायेब, तो थंड असतो ना! गरम पान्याची बाटली ठेवा, फडक्यात गुंडालून. गूल-पानी पाजा, चमच्याने नाय, चोच बुडवून. आनि मागं घान चिकटली असंल ती कोमट पान्यानं पुसा. नर असंल बघा. अंडी देत नाय म्हनून नर पिल्लं रंगवून विकतात."

त्याने एवढ्या मायेने सांगितलं की मला त्याच्या हाताकडे पाहवेना. मी आभार मानले. मग त्याने विचारलं, "नेहमीचं देऊ?" आणि माझी मान सवयीने हलली.

म्हणजे मी एका हातात पिल्लू वाचवायचा उपाय आणि दुसऱ्या हातात अर्धा किलो चिकन घेऊन घरी आलो. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. दुपारी आम्ही रस्सा-भात जेवत असताना खोक्यातून बारीक चिवचिव आली आणि मुलगी हातातला तुकडा तसाच घेऊन धावली. पिल्लू उभं राहिलं होतं. ताटाकडे पाहू की खोक्याकडे, मला ठरवता येईना.

"बाटलीने वाचलं," मी म्हणालो.

"आणि चिकनवाल्याकडे जावची बुद्धी तुका कोणी दिल्यान?" आई म्हणाली.

हिरवा रंग गेला, पांढरी पिसं आली, डोक्यावर तुरा आला. मग एके दिवशी पहाटे गॅलरीतून अशी बांग आली की समोरच्या बिल्डिंगमधले दिवे लागले. आठवड्याभरात सोसायटीची नोटीस दारावर. आई म्हणाली, काळजी नको, शनिवारच्या बसने मी गावी जातेच आहे, घेऊन जाते. तसंही देवाला द्यायचाच आहे.

"काय द्यायचंय?" मुलीने विचारलं.

"कोंबो. पिल्लू बरा झाला तर तुका एक कोंबो देतलंय, असा बोललंय मी. तुमी सगळ्यांनीच व्हय म्हाराजा म्हटलास."

मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही ऐकलं होतं?"

मी ऐकलं नव्हतं. पिल्लू वाचावं म्हणून आम्ही कोंबडा कबूल करून बसलो होतो, तेही घसा फोडून. मला भयंकर लाज वाटली. मग नेहमीसारखा शहाणपणा सुचला. म्हटलं, देवाला दुसरा विकत घेऊ, हा गावी काकांकडे राहील. आई लगेच कबूल झाली. मुलगी म्हणाली, "मग त्या दुसऱ्यासाठी कोण गाऱ्हाणं घालणार?" दर रविवारी 'नेहमीचं' आणणारा मी उठून दारावरची नोटीस काढायला गेलो.

शनिवारी निघण्याआधी आईने पुन्हा नारळ ठेवला. कोंबडा पाय बांधून गॅलरीत.

"बा देवा म्हाराजा, बोलल्यापरमाणे तुका कोंबो देतंय, हेच्या बदली दुसरो."

कोणी काही बोललं नाही. मुलीने ओठ दाबून धरले होते. माझं तोंड सवयीने उघडलं, तेवढ्यात तिने माझा हात धरला आणि ते मिटलं. बायको जमिनीकडे पाहत होती. आईने वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा शांतता. गाऱ्हाणं तिथेच अडकलं. आईने डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं. रागावलेली नव्हती, गोंधळलेली होती. साथ न मिळाल्याचा प्रसंग तिच्यावर जन्मात आला नसावा.

शेवटी ती नारळाकडे बघून म्हणाली, "म्हाराजा, वायच थांब हां." आणि गुडघ्यावर हात ठेवून मुलीशेजारी बसली. "मगे काय सांगू तेका? देवाक दिलेलो शब्द मोडूचो नसता. तूच सांग."

मुलीने हात जोडले. "देवा महाराजा, आजीने तुला कोंबडा देईन म्हटलं, तेव्हा आम्ही नीट ऐकलंच नव्हतं. सॉरी."

आईने नारळ सरळ केला.

"दुसरा नको, हाच कोंबडा तुझा. त्याला तुझ्या अंगणात फिरू दे. पण त्याला कापायला सांगू नको."

देवाला हे चालतं का, मला माहीत नाही. आईलाही माहीत नसावं. तिने एकदा नारळाकडे पाहिलं, एकदा नातीकडे. मग डोळे मिटले आणि सगळ्यांच्या आधी म्हणाली, "व्हय म्हाराजा."