अक्रोडाची बरणी

विमान सुटलं तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती आणि मी सवयीने तिच्यावर शाल टाकून जागा धरली होती. दोन वर्षांपूर्वी तिथे हे बसले होते, आणि खिडकीच्या चौकटीला टिचकी मारून "प्लास्टिक" असा निकाल देत होते.

ह्यांची सगळी नोकरी चंद्रपूरच्या एका लाकडाच्या वखारीत गेली. कुठेही लाकूड दिसलं की वाजवायचं, हुंगायचं आणि झाड सांगायचं. ते कधी चुकले नाहीत. निदान ब्रिस्टलपर्यंत तरी.

मीनल, आमची मुलगी, ब्रिस्टलला विमानाच्या पंखांचं काहीतरी डिझाइन करते. ती घ्यायला आली होती; हीथ्रोहून आम्ही दोघी कोचने निघालो. बाहेर हिरव्या टेकड्या आणि त्यांवर मेंढ्या. कुणी गादी फाडून कापूस उधळावा तशा.

"आई, कुठे कुठे जायचं सांग. मी आठवडाभर सुट्टी घेतलीय."

"त्या जुन्या वस्तूंच्या बाजारात."

"बाबा रुसले होते तिथे?"

तिथेच. गेल्या खेपेला एका शनिवारी आम्ही त्या बाजारात गेलो होतो. एका दुकानात फांदीचा ओंडका कापून केल्यासारखी बरणी होती. खडबडीत साल, गाठी, झाकणावर वयाची वलयं. ह्यांनी लांबूनच सांगितलं, "अक्रोड." दुकानदार म्हणाला, नाही, ही फ्रान्सची चिनीमाती आहे, पन्नासेक वर्षांपूर्वीची, हाताने रंगवून लाकडासारखी केलेली. हे दुखावले. "हा मला लाकूड शिकवणार?" असं मराठीत म्हणाले आणि बरणीला हातही न लावता, हात पाठीमागे बांधून बाहेर पडले.

पुढे नागपूरला जेवणं झाली की तोच विषय निघायचा. मी म्हणायचे चिनीमाती, हे म्हणायचे अक्रोड. शेवटी हॉस्पिटलमध्येही म्हणाले, "ती लाकडाचीच होती हं." मी "हो" म्हटलं. आमच्या संसारात मी इतक्या लवकर कधी हरले नव्हते.

आता मला ती बरणी घरी हवी होती. दुसऱ्या कुणी नेली असेल, ह्या विचाराने मला प्रवासात झोप नव्हती.

बाजाराच्या दाराशी मीनलने बटाट्याची पेस्टी (करंजीची थोराड बहीण, पण तिखटमिठाची) घेऊन दिली. घाईत पहिल्याच घासाला माझी जीभ पोळली. त्यामुळे दुकानात शिरले ती तोंडाचा चंबू करून, फुंकर घालत. लोकरीची टोपी घातलेल्या दुकानदाराने हसून स्वागत केलं, "ऑलराइट, माय लव्हर?"

मी पदर सावरला.

"आई, इथे सगळ्यांना असंच म्हणतात," मीनल कुजबुजली. "बस ड्रायव्हरलासुद्धा."

बरणी त्याच फळीवर होती! लाकूड हवं असणारे चिनीमाती घेत नाहीत आणि चिनीमाती हवी असणारे लाकूड बघून पुढे जातात, असं दुकानदार म्हणाला. मी ती उचलली आणि उन्हाळ्यात माठ घेताना करतो तसं केलं: बोटाच्या पेराने वाजवली, थोडी फिरवली, पुन्हा वाजवली, कान लावला. खणखणीत आवाज. झाकण उघडलं तर आत पिवळसर, गुळगुळीत झिलई. ह्यांच्या वतीने मी थोडी आशा धरली होती. ती तिथे संपली.

दुकानदार माझ्याकडे टक लावून बघत होता. "अगदी अशीच वाजवली होती एका भारतीय गृहस्थांनी. दोनेक वर्षं झाली. कानसुद्धा असाच लावला होता."

"ते माझे यजमान. आता नाहीत ते. पण त्यांनी हात लावला नव्हता."

"शनिवारी नव्हता लावला. रविवारी सकाळी एकटेच आले. वाजवली, हुंगली, झाकण उघडलं, आणि असे हसत सुटले की त्या स्टुलावर बसावं लागलं. जाताना मला बजावलं, 'माझ्या बायकोला कळता कामा नये.'"

"दूध!" मीनल ओरडली. "त्या रविवारी बाबांना दूध आणायला पाठवलं होतं मी. हात हलवत परत आले!"

म्हणजे शेवटपर्यंत हा माणूस जेवणानंतर हरलेली बाजू हिरिरीने लढवत होता, आणि मी त्याला पुरावे देत बसले होते. मी त्याच स्टुलावर बसले आणि हसायला लागले. ह्यांच्यामागे पहिल्यांदाच. मीनल आधी घाबरली, मग तीही हसू लागली, आणि मग आम्ही दोघी रडलो. दुकानदाराने न विचारता चहा आणून दिला.

परतताना शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ होते. झोपेत माझ्या खांद्यावर कलत होते. बरणी मी मांडीवरच ठेवली. लंडन, राजवाडे, पूल, सगळं बघून झालं होतं, पण कुणी काय पाहिलंत विचारलं तर मला ते स्टूलच आठवणार होतं.

नागपूरला आल्यावर मी बरणीत लिंबाचं लोणचं घातलं. वखारीतले ह्यांचे जुने सोबती बंडूभाऊजी भेटायला आले आणि मला त्यातून लोणचं काढताना बघून दारातूनच ओरडले, "अहो वहिनी, लाकडात लोणचं? महिन्याभरात बुरशी धरेल!"

"कोणतं लाकूड, भाऊजी?"

"हे काय विचारणं झालं? अक्रोड."

"हो," मी म्हणाले. "हेही अगदी हेच म्हणत होते."

आणि त्यांच्या ताटलीत दोन फोडी वाढल्या.