आधी आत्याबाईंचं ताट

कोरोना आला तेव्हा आख्खं शहर काढा उकळत होतं. शहागंजच्या बाजारात लवंग-दालचिनी मिळेनाशी झाली होती. त्यातच आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ताप भरला आणि गावाकडून, पिशोरहून, थोरल्या दिरांचा फोन आला. "चार येळा काढा द्या. अन्न अजिबात नाय. मुगाचं पाणी लई झालं." मीही मुकाट ऐकलं. तिसऱ्या दिवशी काढ्यानं आत्याबाईंचं तोंड आतून सोलवटलं. पाण्याचा घोटसुद्धा झोंबायला लागला.

डॉक्टरांनी फोनवर मलाच झापलं. "उपाशी ठेवून बरं करणार का? अंगात आधीच रक्त नाही त्यांच्या. वरण द्या, दही द्या, पोटभर खाऊ द्या. नाहीतर यातून उठणार नाहीत." काढ्याचं पातेलं मी मोरीत ओतलं आणि दिरांना कळवलं, आता मुगाचं पाणी तुम्ही प्या!

मऊ भात, घट्ट वरण, दही असं ताट त्यांच्या खोलीच्या दाराशी ठेवलं. तासाभरानं पाहिलं तर जसंच्या तसं.

"आत्याबाई, जेवला का नाहीत?"

आतून खोल गेलेला आवाज आला, "तुमचं झालं का समद्यांचं? पोरं जेवली का?"

लग्न होऊन आल्यापासून या बाईनं घरातलं शेवटचं ताट उचलल्याशिवाय घास घेतला नव्हता. काय उरायचं त्यांच्या वाटणीला? करपलेली भाकरी, पातेल्याच्या तळचं कालवण. आणि आम्ही कौतुकानं अन्नपूर्णा म्हणायचो! लाज कशी वाटली नाही आम्हाला? रक्त येणार कुठून?

असा संताप आला मला. नवरा जेवायला बसत होता, त्याला उठवलं. पोरांच्या हातात रिकामी ताटं दिली आणि सगळ्यांना घेऊन दारापासून लांब फरशीवर बसले.

"तुम्ही जेवल्याशिवाय या घरात कुणी जेवणार नाही. बघा काय करायचं ते."

"अगं, लेकरं उपाशी! पाप लागंल."

"मला लागू द्या."

मग ताट ओढल्याचा आवाज आला.

"चव नाय गं. माती लागतीया."

"माती तर माती. गिळा!"

सासूला असं बोलतात का? मी बोलले. दोन वेळचं हे भांडण पंधरा दिवस चाललं, आणि त्या उठल्या. काठी न घेता उठल्या.

पुढे गाड्या सुरू झाल्यावर दीर भेटायला आले. नेहमीसारखी पुरुषांची पंगत आधी बसली. मी वाढायला वाकले, तेवढ्यात आत्याबाई पदर खोचत आल्या आणि दिरांच्या शेजारी मांडी घालून बसल्या.

दीर चपापले. "आई, पुन्हा बरं नाय का तुला?"

"मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "वाढ गं सूनबाई. आन तुझंबी ताट घे."