रिकामा कप्पा

मित्रहो, डोकं तापून राह्यलं आहे, म्हणून इथंच मोकळं करतो.

माझं बुलढाण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पिंपळगाव राजाकडच्या एका शाळेत कॉम्प्युटर बसवले, तेव्हा प्रत्येकाच्या हार्डडिस्कवर 'रिकव्हरी' नावाचा एक कप्पा राखून त्यात विंडोजची मूळ प्रत ठेवली होती. बिघाड झाला की चालू करताना एक बटण दाबायचं, कॉम्प्युटर पहिल्यासारखा. मले बोलवायची गरजच नाही.

आज सकाळी तिथल्या सरांचा फोन. कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला, एकही कॉम्प्युटर उघडेना. अन् पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचा आजच शेवटचा दिवस!

मी ऐटीत म्हटलं, "बटण दाबा ना, सर."

"दाबून दाबून बोट दुखलं. काहीच नाही होऊन राह्यलं."

दुकान बंद करून गेलो. पाहतो तर कप्पाच गायब!

सर म्हणाले, "तो होय? त्याच्यात काहीच दिसत नव्हतं. जागा फुकट पडून होती, म्हणून मीच पुसला. गॅदरिंगचे व्हिडिओ ठेवाले."

"सगळ्या कॉम्प्युटरवरचा?"

"हाव. मग काय, एकाचाच काऊन?"

अरे, गाडीतली स्टेपनीही रोज नुसती पडूनच असते ना! ती फेकून तिथं कांदे भरता का?

फॉर्म शेवटी माझ्या लॅपटॉपवरून भरले. मग एकेक कॉम्प्युटर नीट करून सगळे कप्पे परत बनवले. या वेळी मात्र कप्प्याले 'रिकव्हरी' नाव नाही दिलं. 'गॅदरिंगचे व्हिडिओ' असं दिलं.

आता तुम्हीच सांगा, कोणी हात लावन का त्याले?