उत्तराआधीचा क्षण

बर्लिनमधल्या मराठी मुलांना घरात विचारलेलं सगळं मराठी कळतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देतात. आया त्यावर कपाळाला हात लावतात. अश्लेषाने त्यावर पीएचडी करायचं ठरवलं. कराडची ही पोरगी मुळात चिकट. प्रश्न संपल्यापासून मूल तोंड उघडेपर्यंत किती वेळ जातो तो मोजायचा, आणि तीन वर्षांनी त्याच मुलांचा पुन्हा मोजायचा. तो वेळ पापणी लवण्याइतका, सेकंदाचा एक तुकडा. सगळा प्रबंध त्या तुकड्यावर उभा होता.

पहिल्या फेरीला ती पुष्कळ घरं फिरली. पोहे मिळत, चहा मिळे, पण मुलांचा आवाज रेकॉर्ड करायचा म्हटलं की आयांच्या कपाळाला आठी. म्हणून तिने शब्द दिला, वेळा काढून झाल्या की आवाज पुसून टाकीन. युनिव्हर्सिटीतल्या डाटेनशुट्झवाल्यांची, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपणाऱ्या खात्याचीही तीच अट होती. आता संगणक वेळ लिहितो तो एका लांबलचक आकड्यात, आणि त्यातले शेवटचे तीन अंक असतात सेकंदाच्या हजाराव्या भागाचे. अश्लेषाने छोटा प्रोग्राम लिहून त्या आकड्यांपासून माणसाला वाचता येतील अशा तारखा बनवल्या. तास, मिनिटं, सेकंद, सगळं कसं देखणं. मग आवाज आणि मूळ आकडे, दोन्ही पुसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

दुसऱ्या फेरीच्या तोंडावर तिने जुनी फाइल उघडली. पहिलंच नाव वल्लरीचं. प्रश्न संपला त्याच सेकंदाला उत्तर सुरू, वजाबाकी शून्य. खाली बहुतेकांची शून्यच. कुठे एक दिसला तर तोही फसवा, मधेच सेकंद बदलला म्हणून आलेला. तारखा करताना शेवटचे तीन अंक तिनेच फेकून दिले होते. बॅकअपचं विचारलं तर संगणक विभागातला माणूस म्हणाला, नियमाप्रमाणे तोही पुसलाय. पहिली फेरी नाही तर तुलना नाही, आणि तुलना नाही तर प्रबंध नाही, हे प्रोफेसरबाईंनी आवाज न चढवता सांगितलं. ती संडासात जाऊन तोंड दाबून रडली.

बुडत्याला काडीचा आधार. आताची फेरीच पहिली धरू, हातापाया पडून मुदत वाढवून घेऊ, असं ठरवून ती वल्लरीच्या आईकडे, मीनलताईंकडे गेली. वल्लरी आता दुसरीत होती. अश्लेषाने माइक लावला आणि विचारलं, "वल्लरी, आज डब्यात काय खाल्लंस?"

वल्लरी तिच्याकडे बघत राहिली, अगदी सभ्यपणे. मग तिने आईकडे वळून जर्मनमध्ये विचारलं, ही काय म्हणतेय?

मीनलताईंचा चेहरा उतरला. नोकरी, शाळा, सगळी धावपळ. सोपं पडतं म्हणून आम्हीच घरात जर्मन बोलायला लागलो, असं त्या सांगू लागल्या आणि मधेच अश्लेषाकडे वळल्या.

"तेव्हाचा तिचा आवाज आहे ना गं तुझ्याकडे? तुला एकदा 'मावशी, नको' म्हणाली होती बघ. तेवढं ऐकव ना."

"पुसला, ताई. शब्द दिला होता ना."

मीनलताईंनी शेगडी बंद केली आणि पाठ करून उभ्या राहिल्या. आपला प्रबंध बुडतोय हेही अश्लेषाला सांगायचं होतं, पण त्या पाठीपुढे तिला ते बोलवेना.