शिकाऊ गठ्ठ्यातले सहा बाण

शिवकन्याचा सहावा बाणही डावीकडेच गेला. मधलं पिवळं वर्तुळ सोडून, लाल सोडून, निळंही सोडून थेट काळ्यात.

कदम सरांनी खिशातून कागद काढला. सोनपेठला शाळेच्या मैदानावर ते मुलींना तिरंदाजी शिकवतात. त्या दिवशी चार वाजेपर्यंत त्यांना जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी चार मुलींची नावं परभणीला कळवायची होती. तीन नावं पेनानं लिहिलेली. चौथं, शिवकन्याचं, पेन्सिलीनं.

“मिस्त्री, दोन महिने झाले सांगायलोय हिला,” सर मला म्हणाले. “बाण सोडताना बोटं झटकू नको, झटकू नको. ऐकंनाच झालीय. तुमच्या बाणात तर काही नाही ना?”

“बाणात खोट न्हाई, सर,” मी छातीठोकपणे सांगितलं. “सगळ्यात भारी काड्या दिल्यात तिला.”

शिवकन्या खाली मान घालून म्हणाली, “काका, मला जमंना झालंय. सोडून द्यावं म्हणायलेय.”

मी सुतार. तीस वर्षं कुऱ्हाडी, टिकाव, फावडी यांचे दांडे केले. तीन वर्षांपूर्वी सर दुकानात आले आणि म्हणाले, बाण करून द्या. पोरी खेळतात त्या प्रकारात धनुष्य आणि बाण लाकडाचे किंवा बांबूचेच लागतात. मी हो म्हणून बसलो. आरामशीनवर जाऊन सरळ रेषांची, बिनगाठीची पाइनची फळी निवडायची. तिच्या पट्ट्या काढायच्या, रंधून गोल करायच्या, शेपटाला पिसं चिकटवायची. ही बाणाची काडी. सर तिला शाफ्ट म्हणतात.

काडी किती वाकते तेही बघावं लागतं. त्याला स्पाइन म्हणतात. मी मोबाईलवर बघून दोन खिळे ठोकले, त्यांवर काडी आडवी ठेवली आणि मध्ये किलोचं वजन टांगलं. काडी किती खाली येते ते पट्टीनं मोजायचं. मोजणी चोख होती. निवड मात्र दांडेवाल्याची. दांडा वाकला तर गिऱ्हाईक दारात येऊन शिव्या घालतं, म्हणून न वाकणारं ते चांगलं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. कडक काड्या मी मोठ्या मुलींना द्यायचो. वाकणाऱ्या नव्या पोरींच्या सरावासाठी, शिकाऊ गठ्ठ्यात. शिवकन्या राणीसावरगावची, इथं मावशीकडे राहून शिकते. उन्हातान्हात एकटी सराव करते. तिचे जुने बाण मोडले तेव्हा तिच्यावर माया म्हणून मी सगळ्यात कडक सहा काड्या तिला काढून दिल्या. तोवर ती सगळ्यांत पुढं होती. त्यानंतर घसरली. नव्या बाणांची सवय होईल, असं आम्ही सगळेच म्हणत राहिलो.

“अजून एक फेरी मार,” मी म्हणालो. पण सहापैकी एक बाण घसरून दगडावर आपटला होता आणि टोकापाशी चिरला होता. माझ्या पिशवीत शिकाऊ गठ्ठा होता. त्यातला एक दिला.

“हा कच्चा हाय की, काका.”

“मार तर.”

बाण पिवळ्यात लागला.

“नुसता नशिबानं लागला,” सर म्हणाले. मी पळत जाऊन तोच बाण उपसून आणला. दुसऱ्यांदा मारला, तो लाल-पिवळ्याच्या रेघेवर. मग तिचा कडक बाण, डावीकडे. पुन्हा कच्चा, पुन्हा पिवळ्यात.

सरांना एकदम प्रशिक्षणातलं काहीतरी आठवलं. “मिस्त्री, एका कडक बाणाची पिसं काढा.”

मी चाकूनं पिसं तासली. पिसं बाणाची चाल सावरतात. ती काढली की काडीचा खरा स्वभाव कळतो. शिवकन्यानं तो जवळून मारला. टार्गेटमध्ये घुसला तो डावीकडे, शेपूट उजवीकडे करून. सर म्हणाले, “काडी फार कडक आहे हिला.”

त्याचं कारण असं. दोरी बाणाला सरळ पुढं ढकलते, पण समोर धनुष्याचा दांडा आडवा असतो. चिंचोळ्या दारातून लांब बांबू काढताना तो जरा वाकवावा लागतो, तसं काडीनं वाकून धनुष्याला वळसा घालायचा आणि पुढं सरळ व्हायचं. काडी फार कडक असली तर वाकतच नाही, आणि उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बाण डावीकडे फेकला जातो. फार मऊ असली तर उजवीकडे. शिवकन्याचं धनुष्य हलकं, कमी ओढीचं होतं. त्याच्या ओढीला माझी भारी काडी वाकवणं शक्यच नव्हतं.

दोन वाजले होते. मी मोटरसायकल काढली, तिला मागं बसवलं आणि दुकान गाठलं. शिकाऊ गठ्ठ्यातले सगळे बाण खिळ्यांवर ठेवले. ती पट्टी वाचायची, मी खडूनं खुणा करायचो. साधारण पिवळ्यात लागलेल्या बाणाइतके वाकणारे आठ निघाले. वजनही सारखं हवं, नाहीतर एक वर जातो, एक खाली. म्हणून ते शेजारच्या सराफाकडे नेले. त्यानं विचारलं, “मिस्त्री, सोन्याचे हायत का?” मी म्हणालो, “आजच्या दिवस हायत.” काट्यावर पाच सारखे निघाले. सहावा किंचित जड आणि किंचित कडक होता. त्याला मधोमध पॉलिश पेपर मारला. चार हात मारायचे, वजन टांगायचं, बघायचं. जास्त घासला की संपलं, घासलेलं लाकूड परत येत नाही. खरं सांगतो, इतकी मजा तीस वर्षांत आली नव्हती.

साडेतीनला मैदानावर. सहा बाण. चार पिवळ्यात, दोन लाल रंगात, आणि सगळे मिळून ताटाएवढ्या जागेत. सरांनी पेन काढून नाव गिरवलं.

“चूक माझी हाय,” मी दोघांना म्हणालो. “मला कडक म्हणजे चांगलं वाटायचं.”

सर शिवकन्याकडे बघून म्हणाले, “दोन महिने उगीच रागावलो गं तुला.”

तिनं हळूच विचारलं, “म्हणजे माझा हात बरोबरच होता?”

“होता,” सर म्हणाले. पोरगी खेळ सोडून द्यायला निघाली होती, तेही माझ्या मायेपायी.

परभणीला ती तिसरी आली आणि राज्याच्या स्पर्धेला गेली. आता कुणी बाण करून मागितले की मी आधी धनुष्य मागवतो आणि त्याची ओढ काट्याला टांगून बघतो. आपल्याला आवडणारं लाकूड कुणाला देऊ नये. त्याच्या धनुष्याला मानवेल ते द्यावं.