गोळी पुन्हा सुरू करताना

आमच्या भांडुपच्या फॅमिली डॉक्टरांनी नाडी बघायला माझं मनगट धरलं आणि ते सोडेचनात. घड्याळाकडे बघितलं, बोटं जरा सरकवली, पुन्हा मोजायला लागले. मग म्हणाले, "सुनंदाताई, धडधड किती दिवसांपासून होतेय?"

मी धडधडीसाठी गेलेच नव्हते. जिना चढताना दम लागतो म्हणून गेले होते. वय एकसष्ट, घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. दम लागायचाच, असं धरून चालले होते. डॉक्टरांनी तिथल्या तिथे ईसीजी काढला आणि पट्टी माझ्यासमोर धरली. "एट्रियल फिब्रिलेशन," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी सोपं करून सांगितलं. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. ठोके वेडेवाकडे पडतात. आत रक्त साचून राहतं आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर स्ट्रोक, म्हणजे पक्षाघात.

पक्षाघात मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझी आई गावी चार वर्षं उजव्या अंगाने लुळी होऊन पडली होती. पाणी हवं असलं तरी तोंडातून ‘दार, दार’ असंच निघायचं, आणि आपण चुकीचं बोलतोय हे तिला कळायचं. ती रडायची. त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला तेच आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि हे मुलुंडला हृदयविकार तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. झडपा ठीक होत्या. बाईंनी ठोके ताब्यात ठेवायला एक गोळी दिली आणि दुसरी अँटीकोॲग्युलंट. "लोक हिला रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात," त्या म्हणाल्या. "रक्त पाण्यासारखं होत नाही. फक्त गुठळी सहज होत नाही. त्यामुळे कुठे रक्त आलं तर थांबायला वेळ लागेल. सकाळ-संध्याकाळ, चुकवायची नाही. स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आणि मला विचारल्याशिवाय दुसरी कुठलीही गोळी नाही, अंगदुखीची तर अजिबात नाही."

मी मान डोलावली. मरोळच्या एका औषध कंपनीत सव्वीस वर्षं मी गोळ्या पॅक करायच्या विभागात काम केलंय. गोळ्यांची मला काय भीती, असं वाटलं होतं.

पण पॅक करणं वेगळं आणि गिळणं वेगळं. पहिले दोन महिने मी सतत स्वतःला तपासत होते. दात घासून थुंकलं की बेसिनमध्ये वाकून बघायचं. दंडावर निळा डाग दिसला की तो कधी लागला ते आठवत बसायचं. नाक शिंकरलं तरी रुमाल उघडून उजेडात धरायचा. मुलुंडलाच राहणारी माझी धाकटी बहीण नलू चिडून म्हणाली, "ताई, तू काय सीआयडी आहेस का स्वतःची?" हळूहळू ते कमी झालं. मऊ ब्रश आणला, गोळ्यांची सवय झाली. चार-पाच महिने काही झालं नाही. आणि काही होत नाही म्हटल्यावर मी सैलावले.

गणपतीला गावी जाऊन आलो आणि माझा उजवा गुडघा धरला. तीन मजले चढताना डोळ्यांतून पाणी यायचं. कपाटातल्या डब्यात जुनी दुखण्याची गोळी होती. कामावर असताना असल्या गोळ्या हजारोंनी हाताखालून गेल्या होत्या. मी एक घेतली. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन. यांना सांगितलं नाही, डॉक्टरबाईंना फोन केला नाही. असे सहा दिवस.

सहाव्या दिवशी शौचाला काळं झालं, डांबरासारखं. आदल्या रात्री काळ्या वाटाण्याची आमटी केली होती, त्याचं असेल म्हणून सोडून दिलं. हे लिहिताना आजही लाज वाटते. डॉक्टरी भाषेत याला मेलिना म्हणतात. पोटात कुठेतरी रक्त गेलं की ते पचून असं काळं पडून बाहेर येतं. मला ते माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे.

त्यानंतरच्या सकाळी मी बाथरूममध्ये पडले. पडल्यावर दाराची कडी हादरल्याचा आवाज ऐकू आला एवढंच आठवतं. पुढचं मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

शुद्धीवर आले तेव्हा मुलुंडच्या हॉस्पिटलात होते आणि रक्ताची पिशवी लावलेली होती. हिमोग्लोबिन साडेसहा. तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी घालून एंडोस्कोपी केली, तेव्हा जठराच्या अस्तराला पडलेली जखम दिसली. अल्सर. त्याच नळीतून त्यांनी रक्त थांबवलं. पोटाच्या डॉक्टरांनी विचारलं, "पेनकिलर घेत होतात का?"

यांच्यासमोर सांगायला जीभ रेटेना. शेवटी मी म्हटलं, "हो. सहा दिवस."

हे खाली बघत राहिले.

अँटीकोॲग्युलंट थांबवली होती. पाचव्या दिवशी घरी सोडलं, ते पोटाची गोळी देऊन आणि आठवड्याने डॉक्टरबाईंना भेटा असं सांगून. तेव्हा ती गोळी पुन्हा सुरू करायचं बघू, असं दोन्ही डॉक्टरांचं ठरलं होतं.

तो आठवडा हॉस्पिटलपेक्षा वाईट गेला. आता रक्त जायची भीती नव्हती, पण गुठळीची होती. झोपेतून उठताना हाताला मुंग्या आल्या की मी आधी आरशासमोर जाऊन हसून बघायचे, ओठ एका बाजूला झुकतोय का. स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने भाज्यांची नावं घ्यायचे. पडवळ, दोडका, अळू. शब्द बरोबर येतायत ना, एवढंच बघायला. गोळी घेतली तरी भीती आणि नाही घेतली तरी भीती, अशी माझी गत झाली होती.

भेटीच्या आदल्या दिवशी मी फाइल काढली आणि त्या थांबवलेल्या गोळ्यांचा डबा शोधायला लागले. डबा जागेवर नव्हता.

"अहो, माझ्या गोळ्या कुठायत?"

"ठेवल्यात मी," हे म्हणाले. पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"उद्या न्यायला हव्यात ना."

"उद्या जायचं नाही."

मला वाटलं यांना दुसरं काही काम असेल. म्हटलं, नलूला घेऊन जाते. तेव्हा यांनी पेपर खाली ठेवला. एरवी आम्ही घरात मुंबईसारखंच बोलतो. पण यांचा जीव कासावीस झाला की गावची भाषा येते. "मी तुका ती गोळी देवचंय नाय," हे म्हणाले. "काय व्हायचा ता होवंदे."

"आणि आईसारखी पडले तर?"

"पडलीस तर करीन मी. चार वर्षं काय, चौदा वर्षं करीन. पण ते रक्त परत नाही बघायचं मला."

मग यांनी पहिल्यांदा सांगितलं. पडल्याचा आवाज आला तशी खांद्याने धक्के देऊन कडी तोडली. आत मी वाकडी पडलेली, पांढरीफटक, आणि लादीभर ते काळं-लाल. यांना वाटलं मी गेले. शेजाऱ्यांनी मला खुर्चीत बसवून तीन मजले खाली नेलं आणि रिक्षात घातलं. मी वॉर्डात आहे म्हटल्यावर हे संध्याकाळी घरी आले, गुडघ्यांवर बसून ती लादी स्वतः घासली, कुणाला हात लावू दिला नाही. आणि मी घरी आल्यावर जणू काही झालंच नाही, असे राहिले.

मी यांचा हात धरून बसले. म्हटलं, "मला बोलता येणार नाही हो. तुम्ही सगळं कराल, पण मला तुमच्याशी बोलता येणार नाही. मी आईला बघितलंय."

हे उठून आत गेले. डबा आणून फाइलवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंसमोर मी काही बोलायच्या आत यांनीच विचारलं. जन्मभर वायरमन म्हणून काम केलेला माणूस, यांना धीराचे शब्द नको असतात. "मॅडम, परत रक्त गेलं तर मी काय करायचं, ते सांगा. क्रमाने सांगा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "रक्त गोळीमुळे जास्त गेलं, पण जखम त्या पेनकिलरने केली," त्या म्हणाल्या. "जखम भरत आलीय, पोटाला संरक्षण दिलंय, पेनकिलर बंद. आता पुन्हा रक्त जायची शक्यता कमी आहे, शून्य नाही. पण गोळी घेतलीच नाही तर गुठळीचा धोका रोज राहणार. पोटातलं रक्त बहुतेक वेळा आम्हाला थांबवता येतं. मेंदूचं झालेलं नुकसान मात्र बरेचदा भरून येत नाही."

मग त्यांनी यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. शौच काळं झालं, लघवी लाल झाली, उलटीत रक्त आलं, डोक्याला मार लागला, अचानक कधी नाही एवढं डोकं दुखलं, तर वाट बघायची नाही, थेट इथे यायचं आणि दारातच गोळीचं नाव सांगायचं. यांनी ते खिशातल्या वहीत उतरवून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं आणि खालच्या ओळीत स्वतःहून लिहिलं: शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगणे.

त्या संध्याकाळी साडेआठला मी गोळी घेतली. हे समोर बसून होते. दोघांनीही टीव्ही लावला नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. शेवटी हे म्हणाले, "जेवायचं आहे का आज?"

या गोष्टीला दोन वर्षं झाली. गुडघा अजून दुखतो. डॉक्टरांनी सांगितलेला शेक आणि व्यायाम करते, हळू चढते. मध्ये दाढ काढायची होती तेव्हा दातांच्या डॉक्टरांना आधी गोळीचं सांगितलं. त्यांनी बाईंना फोन केला आणि मगच दिवस ठरवला. माझ्या पर्समध्ये आणि यांच्या पाकिटात गोळीचं नाव लिहिलेली चिठ्ठी असते. माझं नशीब की मला असा नवरा मिळाला आणि अशा डॉक्टर, ज्यांनी त्याच्या भीतीला हसण्यावारी नेलं नाही.

गेल्या महिन्यात तपासणीला गेले होते. बाकावर शेजारी एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. हातात गोळ्यांची न उघडलेली पट्टी. चार दिवस झाले, घेतलीच नाही म्हणाल्या. गुगलवर रक्तस्रावाचं वाचलं आणि हात पुढे होईना.

"आत गेल्यावर हे पहिलं सांगा," मी म्हटलं. "लपवू नका. मी लपवलं होतं."

त्यांनी पट्टी उलटसुलट करून बघितली. मग हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा, भीती जाते?"

"माझी नाही गेली," मी म्हटलं. "मी सकाळ-संध्याकाळ साडेआठला घेते. तुम्हाला सुरुवात करायला कुठली वेळ बरी पडेल?"

त्यांनी पट्टीकडे बघितलं आणि बराच विचार केला.

"सकाळी चहा झाला की," त्या म्हणाल्या.